चतुर्दशीला आलेला मेल

"आमच्या घरात कुणीतरी दगा केलाय," खुर्चीवर टेकायच्या आत अतिशय मगदूम नावाचा तो माणूस म्हणाला. "आणि परवा शुक्रवारी आईचं विमान आहे."

साताऱ्यातल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत विनोदिनी बर्गे खासगी तपासाची कामं घेत. एसटीत तीस वर्षं वाहतूक नियंत्रक राहून निवृत्त झालेले सुमंतराव त्यांचे मदतनीस. आपलं मुख्य काम अडाणी प्रश्न विचारणं हे आहे, असं सुमंतरावांचं स्वतःचंच मत होतं.

"कुठं निघाल्यात आई?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"नैरोबीला. माझी बहीण ब्राह्मी तिथं असते. दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी तिचे दिवस भरतायत. गेल्या वर्षी पहिलं राहिलं नाही. यंदा आई हवीच, म्हणून रोज रडते फोनवर."

"मग व्हिसाचा घोटाळा?" सुमंतराव म्हणाले.

"व्हिसा लागत नाही. पण निघण्याआधी ऑनलाइन प्रवास-परवानगी घ्यावी लागते. ती नसली तर मुंबईतच विमानात चढू देत नाहीत. मी वेळेत अर्ज केला. गेल्या गुरुवारी संध्याकाळी पाच बावन्नला त्यांचा मेल आला होता: पासपोर्टच्या पानाचा फोटो अस्पष्ट आहे, तीन दिवसांत पुन्हा पाठवा. मी तो पाहिलाच नाही. काल एकदम अर्ज नामंजूर! शोधलं, तर पहिला मेल कचरापेटीत. कुणीतरी काढून टाकला."

"तुम्ही मेल कधी बघता?"

"जेवण झालं की. आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो. त्या दिवशी सहाच्या आधी पानावर बसलो, सव्वासहाला उठून बघितलं. काही नव्हतं."

"लॅपटॉप?"

"सोप्यात, बाहेरच्या खोलीत, उघडाच असतो. परवलीचा शब्द सगळ्यांना माहीत आहे." त्यानं मान खाली घातली. "सुंदरीला, म्हणजे बायकोला, मी बोलू नये ते बोललो. काल रात्रीपासून ती माझ्याशी बोलत नाही. आईच म्हणाली, बर्गेबाईंकडं जा, त्या छडा लावतील. चल म्हटलं, तर आली नाही. त्यांनाच इकडं घेऊन ये म्हणाली."

दुपारी दोनच्या सुमारास ते सांगलीत पोचले.

सोप्यात शिरताच समोर लॅपटॉप होता. डावीकडं देवघराचं दार, उजवीकडं स्वयंपाकघर. भिंतीवर जिनमंदिराची दिनदर्शिका आणि शेजारी काचेच्या चौकटीत एक जुनं प्रमाणपत्र. सुमंतरावांनी चष्मा वर करून वाचलं: इंग्रजी टंकलेखन, मिनिटाला चाळीस शब्द, कस्तुरी बाळगोंडा पाटील.

"आईचं माहेरचं नाव," अतिशय म्हणाला. "लग्नाआधी साखर कारखान्यात टायपिस्ट होती."

विनोदिनीबाई दिनदर्शिकेसमोर उभ्या होत्या. गेल्या गुरुवारच्या चौकटीत चतुर्दशी छापलेली होती. येत्या मंगळवारी वळणदार अक्षरात पेनानं लिहिलं होतं: 'महाराजांचा चौका, आपल्याकडे'.

"चौका म्हणजे?" सुमंतरावांनी विचारलं.

"मुनींना आहार द्यायचा असतो. आई लिहिते ते."

पहिल्यांदा आले अतिशयचे चुलते, भरतेशकाका. गुडघ्याला पट्टा, आवाज खणखणीत. "आवं, वैनी जाऊ नगा म्हनलो, हे खरं हाय. पर तोंडावर म्हनलो! चोरून कशाला करू? मला त्या डबड्याचं बटन ठावं न्हाई."

"गुरुवारी संध्याकाळी?"

"जेवत हुतो की. हा शेजारी, सुंदरी पोरांस्नी घेऊन समोर बसली हुती. आमी तिघंबी एकदमच उठलो. आन् माझं गुडघं बघा, एकदा बसलो की क्रेन लागती."

सुंदरीनं पदर खोचला आणि उभ्यानंच बोलायला सुरुवात केली. "विचारा. आई गेल्या की दोन पोरं, घर, शाळेची नोकरी सगळं माझ्या गळ्यात. म्हणून मीच, असं ठरलंय ना ह्यांचं? मी केलेलं नाही. शपथ घालायची तर घाला."

"सासूबाईंना जायचंय का?"

"जायचंय? बाळाला बारा दुपटी शिवल्यात, बॅग भरून ठेवलीय. आणि गंमत बघा, बारा किलोमीटरवरच्या जयसिंगपूरला त्यांच्या जावेच्या नातवाचं बारसं होतं श्रावणात, तिथं गेल्या नाहीत. वाटेतल्या अंकलीच्या पुलापर्यंतसुद्धा नाही! आता म्हणे आफ्रिका."

"तब्येत बरी नसेल," सुमंतराव म्हणाले.

"तब्येत? भाद्रपदात आटपाडीला भाचीकडं एसटीनं गेल्या, दुसऱ्या दिवशी आल्या."

सुमंतरावांच्या डोक्यात नकळत वेळापत्रक उघडलं. आटपाडी म्हणजे नव्वदेक किलोमीटर आणि रस्त्यावर ऊन. जयसिंगपूर म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. हिशेब उलटा होता. पण म्हाताऱ्या माणसांची लहर, असं म्हणून त्यांनी तो मिटून टाकला.

शेवटी कस्तुरीबाई आल्या. पासष्टीच्या, नेटक्या, नऊवारी चापूनचोपून नेसलेल्या.

"गुरुवारी संध्याकाळी तुम्ही कुठं होता?"

"चतुर्दशीचा उपवास होता माझा. पाणीसुद्धा घेतलं नव्हतं."

"मेल कुणी काढला असेल?"

"सुंदरीनं नाही," त्या म्हणाल्या. "तेवढं अतिशयला समजवा."

"तुमचा लेखी जबाब लागेल. उद्या साताऱ्याला येता?"

कस्तुरीबाईंनी क्षणभर खिडकीकडं पाहिलं. "तुम्हीच या परत. जेवायला या."

विनोदिनीबाईंनी सगळ्यांना सोप्यात बसवलं. सुमंतराव कानाशी लागले. "बाई, बाहेरचा कुणीतरी हॅकर असणार. घरचे तिघंही एकमेकांसमोर जेवत होते."

"बरोबर, सुमंतराव. तिघं जेवत होते. म्हणूनच सोपं झालं." त्या सगळ्यांकडं वळल्या. "पाच बावन्न ते सव्वासहा. तेवढ्या वेळात मेल आला आणि गेला. या घरात त्या वेळी सगळे पानावर असतात. त्या दिवशी नसणार ते फक्त एकच माणूस, ज्याचा उपवास होता."

"आई?" अतिशय हसलाच. "आईचंच तर विमान! आणि तिला इंग्रजी मेल..."

"मिनिटाला चाळीस शब्द टाइप करणाऱ्या बाईला चार ओळी वाचता येतात, अतिशयराव. ते प्रमाणपत्र रोज बघूनही तुम्हाला दिसत नाही. आणखी एक. काका म्हणाले मी केलं नाही, सुंदरी म्हणाली मी केलं नाही. कस्तुरीबाईंनी हे एकच वाक्य उच्चारलं नाही. मी विचारलं कुठं होता, त्यांनी उपवासाचं सांगितलं. खोटं बोलायचं नसलं की माणूस असं बाजूनं जातं."

त्यांनी दिनदर्शिकेकडं बोट केलं.

"आता प्रश्न, का? जायचंच नसतं तर बारा दुपटी कशाला? म्हणजे जायचंय, पण शुक्रवारी नाही. दिनदर्शिकेवर येत्या मंगळवारचा चौका लिहिलाय, त्यांच्याच अक्षरात. त्या दिवशी त्या नैरोबीत असायला हव्यात! मग सुमंतरावांच्या विषयाकडं येऊ. दूरच्या आटपाडीला जायचं, जवळच्या जयसिंगपूरला नाही, साताऱ्यालाही नाही. फरक काय?"

"आटपाडी सांगली जिल्ह्यात," सुमंतराव सावकाश म्हणाले, "आणि अंकलीचा पूल ओलांडला की कोल्हापूर जिल्हा. साताराही बाहेरच!"

"चातुर्मासात तुमच्यात दिशांची मर्यादा घालून घेतात ना, काका?"

"व्हय. ह्या शिवेपल्याड जाणार न्हाई, म्हणून महाराजांम्होरं नेम घ्यायचा. दिवाळीला, भगवंतांच्या निर्वाणाच्या दिवशी सुटतो." काका भावजयीकडं वळले. "वैनी, तुमी घेतलाय?"

कस्तुरीबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण आवाज सरळ होता. "आषाढात घेतला. ब्राह्मीला पाचवा महिना लागला होता. हिचं हे नीट पार पडू दे, म्हणून. मनात मागणं ठेवून व्रत करू नये, तो दोष आहे. मग कुणाला सांगू? दसऱ्याला ह्यानं सगळ्यांसमोर तिकीट हातात ठेवलं. इतका हरखला होता! मला नाही म्हणता येईना. तेवढ्यात तो मेल समोर आला. वाटलं, आठ-दहा दिवस पुढं जाईल, बस्स. सुंदरीवर येईल हे सुचलंच नाही. आलं, तरी तोंड उघडेना. म्हणून म्हटलं, जो शोधेल त्याला आणा."

अतिशय बायकोकडं वळला. "सुंदरी, चुकलो. मी विचारायला हवं होतं, बोट दाखवायला नको होतं."

"ते आपण नंतर बघू, सगळं व्याजासकट," सुंदरी म्हणाली आणि सासूजवळ जाऊन बसली. "आई, मला सांगितलं असतंत तर मीच बिघडवला असता तो अर्ज. दोघींनी मिळून नीट बिघडवला असता."

काका इतके हसले की त्यांना गुडघा धरावा लागला.

"वेळ उरतो का?" कस्तुरीबाईंनी विचारलं. आता त्या फक्त आई होत्या.

"दिवाळी पुढच्या शनिवारी. ब्राह्मीचे दिवस भरायला त्यानंतर तीन आठवडे," विनोदिनीबाई म्हणाल्या. "तिकिटाची तारीख आज बदला, अर्ज आजच नव्यानं करा. तीन-चार दिवसांत उत्तर येतं. आणि फोटो उजेडात काढा."

सुंदरीनं पासपोर्ट अंगणात नेऊन पानाचा फोटो काढला. अतिशयनं विमान कंपनीला फोन लावला. दिवाळीनंतरच्या मंगळवारी जागा मिळाली. लॅपटॉपसमोर या वेळी कस्तुरीबाई बसल्या. बोटं आधी अडखळली, मग चाळीस वर्षांपूर्वीची लय सापडल्यासारखी चालू लागली. सुमंतराव तोंडात बोट घालून बघत राहिले.

"प्रवासाचा उद्देश?" अतिशयनं वाचलं.

"कुटुंबाची भेट." टकटक झालं.

"मुक्काम किती दिवस?"

"बाळ मान धरेल तोवर."

"आई, आकडा लागतो!"

कस्तुरीबाईंनी बोटांवर महिने मोजले, नव्वद लिहिलं आणि अर्ज पाठवून दिला.