शेणचोरीचा आळ

“माझं श्यान चोरलंय! दिवसाढवळ्या चोरलंय!”

धोंडुबाईंचा आवाज उचगावच्या गल्लीत घुमला आणि क्रांतीच्या हातातली चकली थेट चहात पडली. दिवाळीच्या सुट्टीत ती आक्काकडे, म्हणजे थोरल्या चुलतीकडे आली होती.

“चोर कोण त्ये मला ठावं हाय!” शेजारच्या धोंडुबाईंनी आक्काच्या परसातल्या गोबरगॅसकडं बोट रोखलं. “म्हस एक आन जाळ तीन म्हशींचा! श्यान काय आभाळातनं पडतंय व्हय गं?”

एरवी आक्का कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. पण हा जाळ कशानं वाढला, ते तिलाही ठाऊक नव्हतं. हा गोबरगॅस तिनं हट्टानं बांधून घेतला होता. पुढं दोन म्हशी विकल्या, शेण कमी पडलं आणि शेगडी नुसती फुरफुरायला लागली. पाडव्याला खड्डा बुजवायचा, असं आण्णांनी, म्हणजे थोरल्या काकांनी ठरवून टाकलं होतं. आणि या आठवड्यात अचानक निळाशार जाळ! आक्का नुकती कुठं हरखली होती.

“चोरीच्या श्यानावरचा च्या मला नगं,” आण्णा गरजले. “पाडव्याला बुजवतोच बघ!”

आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. क्षणभर क्रांतीलाही तिचा संशय आला आणि त्या संशयाची तिला लाज वाटली.

दुपारी गल्लीतल्या अमरेशच्या गच्चीवर खलबत सुरू झालं. आठवीतल्या अमरेशला जगातल्या प्रत्येक माणसाचा संशय यायचा. त्याची धाकटी बहीण सुष्मिता मात्र आज हात पाठीमागं लपवून बसली होती.

“मला त्या दूधवाल्याचाच डाउट हाय,” अमरेश म्हणाला.

“त्यो दुधात पाणी घालतोय, श्यान न्हाय घालत!” क्रांती म्हणाली.

“मग आमचा प्रभुलिंगमामा?”

“अरे, गारगोटीच्या शाळेत सायन्स शिकवणारा मानूस श्यान चोरंल?”

“म्हणूनच की! प्रयोगाला!”

क्रांतीला हसू आलं, पण लगेच विरलं. दिवाळीला आलेल्या या मामांनीच काल सांगितलं होतं, की इतक्या जनावरांमागं इतकाच गॅस, हा पुस्तकातला हिशेब आहे. एका म्हशीवर एवढा जाळ शक्य नाही. म्हणजे पुस्तकसुद्धा आक्काच्या विरोधात!

“परवा पाडवा,” सुष्मिता खाली पळाल्यावर क्रांती म्हणाली. “धोंडुबाईंच्या श्यानाच्या ढिगाभोवती राख पसरू या. चोराची पावलं उमटतील!”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं धावत गेली. राखेत पावलं होती, पण अगदी इवलीशी! क्रांतीनं हळूच खाली पाहिलं. सुष्मिताची पावलं राखेनं करडी झाली होती आणि नखं हिरवी.

“सुष्मे!”

“मी यकटीनं न्हाय काय!” सुष्मितानं भोकाड पसरलं. “पांडव करायला नेलं! गल्लीत गाय यकच हाय की, धोंडुबाईंची! समद्या पोरींनी नेलं!”

क्रांतीनं गल्लीभर नजर फिरवली. दारोदारी शेणाचे चिमुकले पुतळे, म्हणजेच पांडव, झेंडूची फुलं खोचून मांडले होते. दिवाळीत ते होणारच. शेण कुठून येतं, हे मोठ्यांपैकी कुणीच विचारलं नव्हतं!

“अय्यो! चोर माझ्याच घरात!” अमरेशनं कपाळाला हात लावला.

“पण मग आक्काचा गॅस कशावर चालतोय?”

तिघं परसात पळाली. शेण कालवायच्या हौदाला मुंगळ्यांची रांग लागली होती. क्रांती थबकली. शेणाला मुंगळे? ती वाकली. शेणाच्या वासात एक ओळखीचा गोड वास मिसळला होता. भिंतीपलीकडंच गुऱ्हाळ होतं!

गुऱ्हाळावर आकाराम उसाच्या उकळत्या रसावरची मळी झाऱ्यानं काढत होता. ती लांब शेतात नेऊन टाकायची, हे त्याचं काम.

“आकारामकाका, मळी कुठं टाकता हो?”

“शेतात की! आनी कुठं?” आकाराम नजर चुकवत म्हणाला.

असा तो बधणार नव्हता. क्रांती मोठ्यानं म्हणाली, “चला रे! आक्काचा गॅस ज्यानं वाढवला त्याला ती लाडवाचं ताट देणार हाय. आकारामकाका काय त्ये न्हवंत!”

“आगं थांब थांब!” झारा हातातच राहिला. “मीच की त्यो! शेतापातूर कोन जातंय? घाणीत घाण म्हणून रोज बादली तुमच्या हौदात वततोय!”

सगळं ऐकूनही आण्णांची मान हलेना. “मळीवर गॅस? नावातच गोबर हाय! श्यानाबगार कसा हुईल?”

संशय प्रभुलिंगमामांनाही होता. “एका जाळावर विश्वास ठेवायचा नाही. आकाराम, मळी बंद कर. मग बघू.”

खड्डा बुजवणं लांबणीवर पडलं. मळी थांबली आणि जाळ दिवसेंदिवस बसत गेला. क्रांतीचा जीव टांगणीला लागला होता. मग मामांनी रोज थोडी मळी घालायला लावली. शेगडीवर पुन्हा निळी फुलं उमलली!

“शेणातले डोळ्यांना न दिसणारे जीव गॅस करतात,” मामा सावकाश म्हणाले. “शेण म्हणजे म्हशीनं सत्त्व काढून घेतलेला चोथा. या जिवांना गोड, पिठूळ मिळालं तर ते जास्त गॅस देतात. पण अति घातलं तर सगळं आंबून बंद पडेल, आकाराम! आम्ही शिकलो ते चूक नव्हतं, अपुरं होतं. आता शाळेत हेही सांगीन. शाब्बास रे पोरांनो!”

आण्णांनी फावडं भिंतीला टेकवलं. “पोरांनी मला शानं केलं. च्या ठेव की गं.”

तेवढ्यात धोंडुबाई आल्या. पोरींनी पांडवांसाठी शेण नेल्याचं त्यांना कळलं होतं. हातात पातेलं होतं आणि नजर जमिनीकडं. त्यांनी पातेलं आक्काच्या पुढ्यात ठेवलं. आत शिळा भात होता.

“घाल तुझ्या हौदात,” त्या पुटपुटल्या. “आन माझ्या हातानं दिलंय, ध्येनात ठेव! ह्याला तरी कोन चोरी म्हणनार न्हाय.”

आक्का खळखळून हसली आणि तिनं चहाला एक कप जास्त पाणी टाकलं.