जीनाच्या गुडघ्यांखाली

सकाळच्या मिस्सेच्या प्रार्थनेआधी निर्मळ गावच्या चर्चमध्ये फादरांनी कन्फेशन बॉक्सचा पडदा सरकवला, तर आत सात वर्षांची जीना मुटकुळं करून झोपलेली. दोन्ही गुडघे सोललेले. तोंडातून शब्द फुटेना.

फौजदार लिडिया पोचेपर्यंत गावाने निकाल लावूनही टाकला होता. आई ज्युली कुवेतला नर्स, बाप मेलरॉय दारुडा. मग मारणारा दुसरा कोण? पोरीला न्यायला आली होती उर्सुलाआत्या, त्याच घरात राहणारी मेलरॉयची मोठी बहीण. गावात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सांगायची ती हीच.

"गुडघे कशाने सोलले?" लिडियाने विचारलं.

"भाविक आहे गो पोर! रोझरीला गुडघ्यांवरून उठत नाही."

जमलेल्या बायांनी कौतुकाने माना डोलावल्या.

"मेलरॉय, तुम्ही मारता?"

"पितो मॅडम. पण पोरीला बोट लावलं नाही."

"रोझरीच्या वेळी कुठे असता?"

"बाहेर. ओट्यावर."

दारुड्याचं खरं कोण मानणार, कपाळ!

पोरीला कुणाच्या हाती द्यायचं, हे आत्ताच ठरायचं होतं. लिडियाने तिला कागद आणि रंग दिले. "घरातली रोझरी काढ, बाळा."

जीनाने काढली. आत्या निळ्या चटईवर, छपराला डोकं टेकेल एवढी मोठी. तिला हातच नव्हते. बाप दाराबाहेर, मुंगीएवढा. कोपऱ्यात जीना, गुडघ्यांखाली नुसते ठिपके.

"बघा, बापाला घराबाहेर काढलं!" एक बाई म्हणाली.

लिडियाने वाकून पोरीचे गुडघे नीट पाहिले. सोललेल्या कातडीत बारीक खड्डे होते.

"उर्सुलाबाई, हे ठिपके कसले?"

"फुलं असतील."

"फुलांनी भोकं पडत नाहीत. चटईवर बसून घट्टे पडतात, खड्डे नाही. हे खड्याच्या मिठावर गुडघे टेकवल्याचे व्रण आहेत. माणसाची भीती वाटली की मुलं त्याला घराएवढं काढतात, कधी त्याचे हातच गाळतात. पण नुसत्या चित्रावर मी कुणाला धरत नाही, म्हणून गुडघे पाहिले. तुम्ही सगळ्यांनीही रोज पाहिले आणि भक्ती म्हणालात. जीना, मीठ ना?"

जीनाने मान हलवली.

"प्रार्थना चुकली तर शिस्त नको?" उर्सुला कडाडली. "आमच्या आईने आम्हा दोघांना असंच वाढवलं!"

मेलरॉयने मान वर केली.

"मग मला का एवढुसा काढला?"

"ती रडायची ते तुम्हाला ऐकू यायचं. कशाने रडते तेही ठाऊक होतं. तुम्ही ओट्यावरून उठला नाहीत."

ज्युलीने फोनवर मिळेल त्या विमानाने निघते म्हणून सांगितलं. तोवर जीनाला बालगृहात ठेवायचं ठरलं. मेलरॉयने हात पुढे केला. जीनाने तो घेतला नाही.

जीपपाशी ती पहिल्यांदा बोलली.

"मी एकटीच जायचं?"

"नाही गं राणी," लिडिया म्हणाली आणि मागच्या सीटवर तिच्याशेजारी बसली.