जलाब्यावरचं ऊन

नवा कपडा जुना करणं हे इत्तोचं काम. वार्झाझात गावाच्या बाहेर माळावर सिनेमावाल्यांनी मातीचा खोटा किल्ला उभारला होता, त्याच्या मागच्या शेडमध्ये ती दिवसभर बसायची. विटेच्या तुकड्याने कोपर घासायची, चहाच्या पाण्यात बाह्या बुडवायची, खिशांत दगड भरून झगे दोरीवर टांगायची, म्हणजे कापड वापरल्यासारखं ओघळतं. गावातल्या बायकांना याचं हसू यायचं. आम्ही जन्मभर कपडे नवे दिसावेत म्हणून मरतो आणि ही बया जुने करायचा पगार घेते, असं त्या म्हणायच्या. इत्तो म्हणायची, तुमचे नवरे पाठवा माझ्याकडे, त्यांच्या अंगावर आठवड्यात फुकट काम होईल.

पण हे हसणं वरवरचं होतं. तिचा एकुलता एक मुलगा हम्मू पूर्वेकडे, लिबियात, बांधकामावर जातो म्हणून एका लॉरीत बसला तो गेलाच. निरोप नाही, चिठ्ठी नाही. वाळवंट ओलांडून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ती गाठायची. ड्रायव्हर तिचा चहा प्यायचे, अल्ला मोठा आहे म्हणायचे आणि निघून जायचे. तो परत यावा हे मागणंही तिने आता सोडलं होतं. जिवंत आहे की नाही, एवढं कुणी सांगितलं असतं तरी तिला पुरलं असतं.

सिनेमा एका वाटाड्याचा होता. तांड्याला पाण्याकडे नेतो म्हणून सांगून तो लोकांना भलतीकडे नेतो. वाटाड्याचं काम तिजानी नावाचा नट करत होता, माणूस साधा, जेवणाचा भारी शौकीन. कॅमेरा आणि दिवे लारबीच्या हातात होते. हा कासाब्लांकाचा, पन्नाशीचा, तिरसट गृहस्थ. नटांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. अर्धा माणूस इत्तो मावशीचा कपडा करतो आणि अर्धा माझा दिवा, नट मधे नुसता उभा असतो, असं तो तिजानीच्या तोंडावर सांगायचा. तिजानी म्हणायचा, उभं राहायलाही पोट भरलेलं लागतं.

वाटाड्याच्या अंगावरचा जलाबा, म्हणजे टोपीवाला लांब झगा, काही जमेना. इत्तोने तीन झगे घासून, भिजवून, उन्हात वाळवून दिले. दिग्दर्शकाने तिन्ही परत पाठवले. हे नटाने घातलेत असं दिसतं, वाटाड्याने नाही, असं त्याचं म्हणणं. शेवटी इत्तोने घरची पेटी उघडली आणि स्वतः विणलेला लोकरी जलाबा आणून दिला, टोपी पाठीवर पडणारा, पायघोळ, मेंढीच्या मूळ रंगाचा. दिग्दर्शकाने तो बघून मान डोलावली.

पहिल्याच सकाळी लारबी कॅमेऱ्यामागून ओरडला की तिकडे रिफ्लेक्टर कुणी धरलाय. कुणीच धरला नव्हता. ऊन तिजानीच्या उजवीकडून येत होतं, चेहऱ्याची उजवी बाजू उजळली होती. जलाब्याची मात्र डावी. चुण्यांच्या सावल्या उलट्या दिशेला पडल्या होत्या. लारबीने भिंग पुसलं, कॅमेरा हलवला, तिजानीला गोल फिरवला. चेहऱ्यावरचं ऊन फिरलं, जलाब्यावरचं जागचं हललं नाही.

दिग्दर्शक खूश झाला. चेहरा एक सांगतो आणि कपडा दुसरंच, म्हणजे माणूस खोटा आहे हे शब्दाविना कळलं, असं तो म्हणाला. लारबीने त्याला काही सांगायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. लोकांना आवडतंय म्हटल्यावर कारण कोण विचारतो?

पुढे लारबी कामाऐवजी जलाब्याकडेच बघत राहायला लागला. इथे ऊन पांढरंफटक असताना जलाबा तांबूस व्हायचा. इथे सूर्य टेकला की जलाब्यावर केव्हाच अंधारलेलं असायचं. एके दिवशी जेवणाच्या सुटीत तो इत्तोच्या शेडमध्ये आला आणि दगडावर बसला.

"मावशी, या लोकरीत काय घातलंयस तू?"

"लोकर. का?"

"याच्यावर आपलं ऊन पडत नाही. जे पडतं ते आपल्या पुढचं आहे. पूर्वेकडे दिवस आधी मावळतो ना, तसं."

इत्तोच्या हातातला विटेचा तुकडा थांबला. त्याच दुपारी ती पहिल्यांदा कॅमेऱ्याजवळ जाऊन उभी राहिली. तिजानी एका जागी खांबासारखा उभा होता, वारा नव्हता, आणि जलाब्यावरचा उजेड डुलत होता. एक मोठा हेलकावा, एक लहान. पुन्हा मोठा, पुन्हा लहान. हम्मू डाव्या पायावर झुकून चालायचा. लहानपणी खेचरावरून पडला होता तेव्हापासून.

तिने लारबीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. हे कापड अर्धंच होतं. एकाच मागावर, एकाच लोकरीतून तिने ते विणलं, मधोमध कापलं, एका अर्ध्याचा जलाबा हम्मूने अंगावर घालून नेला आणि दुसऱ्याचा तो आल्यावर लग्नात घालायला ठेवला. त्यांच्याकडे कापड मागावरून उतरवताना त्यावर पाणी शिंपडतात आणि कलमा म्हणतात, माणूस जाताना म्हणतात तसा. मागावर असेतो कापड जिवंत असतं, कापलं की जातं, असं बायका मानतात. त्या दिवशी लॉरीवाला भोंगा वाजवत होता, शिलाई बाकी होती. तिने ना पाणी शिंपडलं ना कलमा म्हटला, नुसती कात्री चालवली.

"म्हणजे हे अजून जिवंत आहे म्हणतेस?" लारबीने विचारलं.

"कापडाचं मला काय करायचंय? माझा मुलगा चालतोय."

लारबीचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण प्रकाश खोटं बोलत नाही यावर होता, आणि त्यामुळे त्याची पंचाईत झाली.

इत्तोला मात्र आनंद झाला. उघडउघड आनंद झाला. ती तिजानीसाठी लोणी लावलेल्या गरम भाकऱ्या आणू लागली, एकदा तर मातीच्या भांड्यात शिजवलेलं कोंबडीचं ताजीन घेऊन आली, एकच अट होती, जलाबा काढायचा नाही. लोक म्हणाले, म्हातारीने नट जावई करायचा घाट घातलाय, पण हिला मुलगी कुठाय? तिजानी दोन्ही हातांनी खायचा आणि उन्हात लोकर घालून घामाघूम व्हायचा. ती समोर बसून त्याच्या छातीकडे बघत राहायची.

मग तिच्या लक्षात यायला लागलं की त्या कापडावर कधी झाडाची सावली पडत नाही. भिंतीची नाही, लॉरीची नाही, दुसऱ्या माणसाची नाही. हेलकावे हळू झाले. एक मोठा, मग बराच वेळ काही नाही, मग एक लहान. तिने शेडमधली पाण्याची सुरई उचलून तिजानीला दिली, पी म्हणाली. त्याला तहान नव्हती. तरी पी म्हणाली, आणि त्याने ती सगळी पिईपर्यंत तिथून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी हेलकावे थांबले.

तिजानी उभा होता. जलाब्यावरचं ऊन मात्र गळ्यापासून खालच्या काठापर्यंत सारखं पसरलेलं होतं, चुण्यांना सावलीच नव्हती. लारबीने ते पाहिलं आणि कॅमेऱ्यापासून दूर झाला. इत्तोने त्याला धरून विचारलं, काय आहे ते सांग. त्याने दोनदा टाळलं.

"असं ऊन आडव्या माणसावर पडतं, मावशी."

"झोपला असेल. दमलाय तो."

"असेल."

दुपारनंतर जलाब्यावर दोन सावल्या आल्या. तिजानीच्या आसपास कुणी नव्हतं. सावल्या वाकल्या, सरळ झाल्या, पुन्हा वाकल्या. इत्तो म्हणाली, माणसं भेटली त्याला. बघ, उचलताहेत. मग जलाबा पायाकडून काळा व्हायला लागला. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. काळोख सावकाश चढत होता, मधेमधे थांबत होता. शेवटी टोपीही काळोखात गेली. भर उन्हात तिजानीचं डोकं एका काळ्या आकारावर बसवल्यासारखं दिसत होतं. दिग्दर्शक म्हणाला, वाटाड्याचं मन काळं झालं, हाच आपला शेवट.

"घरात नेलं असेल त्याला," इत्तो लारबीला म्हणाली. "त्या बाजूला घरांना खिडक्या नसतात. उन्हापायी."

लारबी हो म्हणाला.

शूटिंग संपलं, किल्ला उतरवायला घेतला. जलाबा काळाच होता. इत्तो तो रोज सकाळी दारात टांगायची आणि संध्याकाळी तसाच काढायची. सामान ट्रकवर चढवायच्या दिवशी ती तो घेऊन लारबीकडे आली.

"तुझा मोठा दिवा लाव याच्यावर."

"काय उपयोग, मावशी?"

"तिकडचा उजेड इकडे येतो. मग इकडचा तिकडे का नाही जाणार? अंधारात पडलाय माझा पोरगा. मला त्याला बघायचं नाही. नुसता उजेड जाऊ दे."

लारबीने जनरेटर पुन्हा सुरू करायला लावला. शेडमध्ये लांब टेबल होतं, त्यावर इत्तोने जलाबा उताणा पसरला, बाह्या दोन्ही बाजूंना नीट ठेवल्या, टोपी सरळ केली. लारबीने दार ओढून घेतलं आणि मोठा दिवा जवळ आणून लावला.

टेबलाच्या लाकडातली एकेक रेघ दिसू लागली. जलाबा काळाच राहिला.

दिवा तापून करकरायला लागला. लारबी काही बोलणार तेवढ्यात उजवी बाही टेबलावरून उचलली गेली. रिकामीच होती. कोपरात वाकली, वर आली आणि टोपीवर आडवी झाली, झोपेतल्या माणसाच्या तोंडावर कुणी कंदील धरला की तो हात आडवा घेतो तशी.

इत्तोने तोंडाला ओढणीचा पदर लावला. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बंद कर," ती हळूच म्हणाली. "त्याच्या डोळ्यांवर येतोय."

लारबीने दिवा बंद केला. दार किलकिलं केलं. बाहेरचं साधं ऊन टेबलापर्यंत आलं.

बाही खाली उतरली. थोडा वेळ काही झालं नाही. मग लोकर टेबलावर घासल्याचा आवाज आला. डावा खांदा उचलला गेला आणि जलाबा सावकाश कुशीवर वळला.

"झोपू दे," इत्तो म्हणाली. "जिवंत आहे. झोपू दे त्याला."

ती काठ सारखा करायला वाकली आणि तशीच राहिली. हम्मू पाळण्यात असल्यापासून पालथा झोपायचा. कितीदा सरळ केला तरी पुन्हा पालथा व्हायचा. हा उजव्या कुशीवर होता, पाय जुळवलेले, टोपीचं तोंड पूर्वेला, काब्याकडे.

लारबीनेही ते पाहिलं. कलम्यासाठी त्याचे ओठ हलू लागले. तसं माणूस आपणहून निजत नाही, तसं त्याला कबरीत दुसरे निजवतात.