दुसऱ्या खाचेतलं कार्ड

कार्ड बदलायचं म्हटलं की सोलापुरातली माणसं अजून जुन्या काळातलंच बोलत. "त्यात काय एवढं? जुनं काढायचं, नवं घालायचं." फोन हातात असायचा तेव्हा ते खरंही होतं. फोन बंद करायचा, बाजूच्या भोकात टाचणी खुपसायची, कार्डाचा इवलासा कप्पा बाहेर यायचा. आता फोन गेले होते. कार्ड तेवढं उरलं होतं, आणि ते माणसाच्या गळ्याखाली, कातडीच्या आत बसवलेलं असे.

स्नेहल म्हमाणे यांचं कार्ड महिनाभर अडखळत होतं. सकाळी मुलगी चहा घेऊन आली की त्या तिच्याकडे टक लावून बघत. ही ओवी, आपली एकुलती एक लेक, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी मन म्हणायचं, ही ओवी नव्हे, तिच्यासारखी दिसणारी कुणी परकी बाई घरात घुसलीय. एकदा त्यांनी तिच्या हातचा चहा संशयानं मोरीत ओतून दिला. ओवी त्या दिवशी खूप रडली आणि दुसऱ्याच दिवशी आईला घेऊन डॉ. सानिया काझींच्या दवाखान्यात आली.

"काकू, माणूस ओळखणं म्हणजे दोन कामं असतात," डॉक्टर समजावून सांगत होत्या. "एक माहिती. ही माझी मुलगी, हिचं नाव हे. ती मेंदूत असते. दुसरं काम म्हणजे, चेहरा दिसला की आत काहीतरी हलतं, आपलं माणूस आलं असं वाटतं. त्याला आम्ही ऊब म्हणतो. पूर्वी तीही मेंदूच द्यायचा. मग ही कार्डं आली. समोर कोण आलंय ते आधी कानात सांगायला लागली, आणि हळूहळू ऊबही तीच पुरवायला लागली. आयतं मिळतंय म्हटल्यावर मेंदूनं ते काम सोडून दिलं."

"म्हणजे माझी माया ह्या कार्डात हाय?"

"बरीचशी. कुणाची किती कार्डात आणि किती मेंदूत, ते कार्ड बंद करून बघितल्याशिवाय कळत नाही. सहसा कुणी बंद करत नाही."

डॉक्टरांनी मग धोका सांगितला. जुनं कार्ड झोपवायचं, त्यातली ऊब नव्यात उतरवायची, नवं जागं करायचं. मधल्या वेळेला त्या कोरी घटका म्हणत. त्या घटकेत जगात आपलं असं कुणीच राहत नाही. एक गृहस्थ तेव्हा खुर्चीवरून उठून बायकोच्या अंगावर धावून गेले होते. म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि घरच्या माणसानं हात धरून बसायचं, हा नियम.

"आणि एक सांगा, अंगात दुसरं कार्ड नाही ना? दुसऱ्या खाचेत कुणाचं कार्ड असेल तर कोऱ्या घटकेत ते जागं होतं. नव्या कार्डात मग त्याचीच ऊब उतरते. एकदा उतरली की आयुष्यभर निघत नाही."

"नाही," स्नेहलबाई म्हणाल्या.

त्या धडधडीत खोटं बोलत होत्या.

गळ्याखाली खाचा दोन असतात, कारण आपल्या लोकांना एका नंबरावर कधीच भागत नाही. एक घरचा लागतो, एक कामाचा. गेलेल्या माणसाचा नंबर बंद करवत नाही, हीसुद्धा आपली जुनीच खोड. माणूस मातीआड झाला तरी त्याचा नंबर घरचे जिवंत ठेवतात. स्नेहलबाईंचे यजमान सिद्धाराम म्हमाणे गेले तेव्हा त्यांचं कार्ड कायद्यानं परत करायला हवं होतं. स्नेहलबाईंनी ते बाजारातल्या एका दुकानात जाऊन गुपचूप आपल्या दुसऱ्या खाचेत बसवून घेतलं, वर यंत्राला दिसू नये असा पापुद्राही लावून घेतला. त्या नंबरावर अजून, थेट कानात, फोन यायचे. कुणी विचारायचं, "म्हमाणेसाहेब आहेत का?" त्या म्हणायच्या, "बाहेर गेलेत." तेवढं म्हणायला मिळावं म्हणूनच तर हा उपद्व्याप होता. पोटच्या पोरीलाही त्यांनी हे सांगितलं नव्हतं. कळलं तर काढून घेतील, ही एकच धास्ती होती.

जुनं कार्ड झोपलं. पडद्यावर ऊबमापकाचा काटा खाली आला. स्नेहलबाईंच्या डोळ्यांवर पट्टी होती. ओवीनं त्यांचा हात घट्ट धरला.

"आई, मी इथंच आहे."

काटा ताडकन वर गेला. कोऱ्या घटकेत तो हलायलाच नको होता. डॉक्टरांनी झटकन नवं कार्ड अडवलं.

"काकू, कुणाचं कार्ड आहे आत?"

"ह्यांचं," स्नेहलबाई पुटपुटल्या.

"मी विचारलं होतं तुम्हाला!" डॉक्टरांचा आवाज चढला. "नवं फार वेळ अडवून धरता येत नाही. मला आत्ताच्या आत्ता ते काढावं लागेल."

"काढा. पण आधी पट्टी सोडा. एकदाच."

डॉक्टर नको म्हणायच्या आत त्यांनी स्वतःच पट्टी ओढली. समोर ओवी होती. तिला बघताच त्यांच्या आत असं काही भरून आलं की हुंदकाच फुटला. ही माया त्यांच्या ओळखीची नव्हती. त्यांच्या मायेत सतत धाक असायचा, पोरीचं कसं होईल ही घोर काळजी असायची. हिच्यात नुसतं कौतुक होतं. नवरा लेकीकडे असा बघत होता, हे त्यांना आज पहिल्यांदा आतून कळलं.

"बाबांचा लई जीव होता गं तुझ्यावर," त्या म्हणाल्या. "आता आरसा दे मला."

"काकू, आरसा नको," डॉक्टर घाईनं म्हणाल्या. "माझं ऐका. हे कुणी बघू नये."

"जन्म काढला मी त्यांच्यासंगं. मला बघून कसं वाटत होतं त्यांना, तेवढं बघू द्या की."

ओवीनं हात धुवायच्या जागेवरचा आरसा काढून आणला. काय होणार याचा तिला अंदाज नव्हता, आणि आईला नाही म्हणायचं बळही तिच्यात नव्हतं.

आरशात एक म्हातारी बाई होती. पिकलेले केस, कपाळावर विभूती, ओठ किंचित उघडे. एसटी स्टँडवर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली कुणीही असावी, तशी. स्नेहलबाईंनी वाट बघितली. आरसा जवळ धरला, लांब धरला. हसून बघितलं. काटा तळाला पडून होता.

"काढा ते," त्या म्हणाल्या.

पुढचं सगळं सुरळीत पार पडलं. सिद्धारामांचं कार्ड निघालं, नवं बसलं, स्नेहलबाईंची स्वतःची ऊब त्यात उतरली. ओवी पुन्हा ओवी वाटू लागली, काळजीसकट. पण आरशात जे दिसलं ते मेंदूनं पाहिलं होतं, आणि मेंदूतलं काढायची सोय कुठल्याच दवाखान्यात नव्हती.

डॉक्टर त्यांच्यापाशी स्टूल ओढून बसल्या. "काकू, याचा एकच अर्थ होत नाही. काही माणसं घरी कार्ड बंद ठेवतात. बायकोसाठी कार्ड कशाला, असं म्हणतात. त्यांची ऊब मेंदूतच राहते, कार्ड कोरं दिसतं."

"मग पोरगी तेवढी कार्डात कशी?"

"तिला शाळेत न्यायला-आणायला ते जात असतील. बाहेर कार्ड चालू राहत असेल."

"असंल," स्नेहलबाई म्हणाल्या. "आन् त्यांचा मेंदू?"

तो कधीच मातीत गेला होता.

"म्हणजे आता कळायचं नाही."

"नाही, काकू."

"आई, तसंच असणार," ओवी कळवळून म्हणाली. "बाबा घरी बंदच ठेवत असणार. तू उगाच मनाला लावून घेऊ नको."

स्नेहलबाई लेकीकडे बघत राहिल्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "ओवी, तुझं कार्ड जरा बंद कर की."

"आत्ता?"

"आत्ताच. आन् माझ्याकडं बघ."

ओवीचा हात गळ्याखाली गेला. बोटाला कातडीखालचं बटण लागलं. जरासा दाब पुरला असता. डॉक्टरांनी मान वळवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"काहीतरीच काय आई तुझं," ओवी हसली, पण हसू मध्येच तुटलं. तिनं हात खाली घेतला. "चल, रिक्षा थांबलीय खाली."

तिनं आईला दंडाला धरून उठवलं, चपला पायात सरकवून दिल्या, जिन्यावर जपून उतरवलं. हे सगळं तिनं फार मायेनं केलं. रिक्षात बसेपर्यंत तिनं एकदाही आईच्या तोंडाकडे पाहिलं नाही.