काकांचा कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला

त्या दोघांची पहिली भेट टेबलाखाली झाली, आणि त्या वेळी तिच्या केसांत कोळिष्टक अडकलेलं होतं.

ती टेबलाखाली होती, कारण कॉम्प्युटर बंद पडला होता. कॉम्प्युटरचं काहीही बिघडलं की कुठलीतरी वायर सैल झालेली असते, असं तिचं जुनं आणि ठाम मत होतं. तो टेबलाखाली वाकला, कारण खोलीत शिरल्यावर त्याला माणूस कुठे दिसेना, फक्त टेबलाबाहेर आलेले दोन पाय दिसले.

"नमस्कार... दुरुस्तीसाठी फोन तुम्हीच केला होता का?"

ती दचकली आणि तिचं डोकं फळीवर आपटलं. "हो, मीच. पण बहुतेक ही वायर—"

"ती पंख्याची आहे," तो शांतपणे म्हणाला.

खरंच की! कोपऱ्यातला पंखा केव्हाचा थांबला होता आणि ती घामाघूम होऊन बसली होती. तो हसला नाही. हसू दाबताना त्याच्या गालाला मात्र खळी पडली, आणि ती तिच्या नजरेतून सुटली नाही.

ऑफिस काकांचं होतं. काका करसल्लागार, आणि ती त्यांची पुतणी. आईवडील गेल्यावर काकांनीच तिला लहानाची मोठी केलेली. दिवसभर इकडून तिकडे पळत असते म्हणून त्यांनी तिचं नाव ठेवलं होतं भिंगरी. दोन खोल्यांचं ते ऑफिस, खाली चाव्या बनवणाऱ्याचं दुकान, त्याच्या कानशीचा आवाज सतत वर येणारा. बाहेरच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर, आत काकांचा. दोन्ही इतके म्हातारे की सुरू होईपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हावा. कर भरायचं नवं सॉफ्टवेअर त्यांच्यावर घातल्यापासून दोघांनीही अंग काढून घेतलं होतं. कॅबिनेटवर चिकटवलेल्या विटक्या कागदावर एक फोन नंबर होता, तो तिने फिरवला. यंत्रं विकणारे गृहस्थ आता नव्हते, पण त्यांचा मुलगा दुकान चालवत होता. तोच आला होता.

तिचा कॉम्प्युटर त्याने लगेच सुधारला. आतली धूळ झटकली, जुनी बिनकामाची सॉफ्टवेअरं काढली, थोडी मेमरी वाढवली. काकांचा मात्र वेगळाच तोरा. सगळं सुरळीत चालायचं आणि रिटर्नचं शेवटचं पान उघडलं, की प्रोग्रॅम पटकन मिटायचा. केलेलं सगळं काम गडप.

"आमचं नीट होईल ना हो?" तिने विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती. "या वर्षी एकही रिटर्न राहिलं तर दादा ऑफिस बंद करायला लावणार आहे."

दादा म्हणजे काकांचा मुलगा, दुसऱ्या शहरात राहणारा. वाईट नव्हता तो, फक्त काळजीने आक्रमक झालेला. बाबांनी आता घरी आराम करावा, असा त्याचा धोशा. "काकांना घरी बसवलं ना, तर ते खरोखरच बसतील," ती म्हणाली. "प्रत्येक रिटर्न ते स्वतः तपासतात, मगच भरतात. तेवढ्यासाठी तर ते सकाळी उठतात."

त्याने मान हलवली. "होईल नीट," तो म्हणाला, आणि का कोण जाणे, तिला ते पटलं.

तो गेला तेव्हा कॉम्प्युटर उत्तम चालत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बंद.

मग ते रोजचंच झालं. तो यायचा, आत काकांजवळ बसायचा, यंत्र ताळ्यावर यायचं. तो गेला की दुसऱ्या दिवशी पुन्हा रुसायचं. काकांनी त्याला 'वैद्यबुवा' म्हणायला सुरुवात केली. आतून दोघांच्या गप्पा ऐकू यायच्या, आणि तिने दारात डोकावलं, की एकदम थांबायच्या.

"काय हो वैद्यबुवा," एका संध्याकाळी चहा देताना ती म्हणाली, "तुम्ही जाताना काहीतरी थोडं सैल सोडून जाता का?"

"वायर?"

"उगाच विषय बदलू नका. तुम्ही असलात की चालतो, नसलात की नाही. संशय येणारच की."

"तुमच्या कॉम्प्युटरला माझी सवय झालेली दिसतेय," तो कपात बघत म्हणाला. "होतं असं... काही काही ठिकाणी."

"आणि तुम्हाला?"

त्याने कप तोंडाला लावला. चहात साखर घालायची ती विसरली होती, तरी त्याने तो गोड मानून प्यायला. तो गेल्यावर तिने तळाशी उरलेला घोट चाखून पाहिला, आणि मग स्वतःशीच इतकी लाजली, की आतून काकांनी हाक मारली तरी तिला ऐकू गेली नाही.

शेवटची तारीख तोंडावर आली. त्या दिवशी काकांनी सकाळपासून एका मोठ्या व्यापाऱ्याचं गुंतागुंतीचं रिटर्न तपासत आणलं होतं. संध्याकाळी शेवटचं पान उघडलं, आणि प्रोग्रॅम मिटला. दिवसभराचं काम पाण्यात. काका खुर्चीत मागे टेकले आणि कधी नव्हे ते म्हणाले, "दादाचं बरोबर असेल, भिंगरी. जमत नाही आता."

ते ऐकताच तिने त्याला फोन लावला. तो आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"रोज येता, रोज नीट झालं म्हणता. काय झालंय याला, एकदाचं सांगा तरी!"

त्याने आत, काकांकडे पाहिलं. काकांनी मान खाली घातली. "चूक माझीच आहे," तो म्हणाला. "मला लवकर करता आलं नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आणि माहीत असून..." तिचा आवाज चिरकला. "माझ्या काकांचं ऑफिस पणाला लागलंय आणि तुम्हाला इथे चहा प्यायला यायचं असतं! उद्यापासून येऊ नका."

तो पिशवी उचलून गेला. जिन्यावरची त्याची पावलं तिने शेवटपर्यंत ऐकली, आणि मग स्वतःवरच चिडून पंखा मोठा केला.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम लवकर आली. यंत्राला नक्की काय होतं ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं. काका तिच्याही आधी आले होते. दार लोटलेलं होतं, त्या फटीतून तिने पाहिलं... आणि तिथेच थबकली.

काका स्क्रीनला नाक लावून बसले होते. अगदी नाक लावून. हात चाचपडत माउसवर गेला, आणि बघता बघता पडद्यावरची अक्षरं पाटीवर गिरवतात तेवढी मोठी झाली. मग काका मागे सरले आणि समाधानाने वाचायला लागले.

तिला सगळा उलगडा झाला. अक्षरं एवढी मोठी केली, की त्या जुन्या लहान पडद्यावर शेवटचं पान मावतच नसणार. ते मावलं नाही, की प्रोग्रॅम मिटायचा. यंत्र ठणठणीत होतं. काकांना दिसत नव्हतं.

"काका," ती आत जाऊन त्यांच्या खुर्चीशी बसली. "कधीपासून?"

काकांनी चष्मा काढला. "बरेच दिवस झाले गं. तुला कळलं तर तू काळजीने दादाला सांगणार, आणि दादा कुलूप घेऊनच येणार. वैद्यबुवांनी लगेच ओळखलं. मीच त्यांना शपथ घातली, तुला सांगू नका म्हणून. शेवटच्या पानाआधी अक्षरं पुन्हा लहान करायची, एवढंच ते रोज शिकवून जायचे. मी कामाच्या नादात विसरायचो." ते थांबले. "काल तू त्यांना एवढं बोललीस, आणि मी गप्प बसलो. फार लाज वाटली."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कोणासाठी, ते मात्र तिला नीट सांगता आलं नसतं.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. बाहेर मुसळधार पाऊस लागला होता. तो दारात उभा राहिला, डोक्यापासून पायापर्यंत निथळत. त्याचा रेनकोट त्याच्या हातातल्या एका भल्या मोठ्या वस्तूला गुंडाळलेला होता.

"येऊ नका म्हणाला होतात," तो म्हणाला, "पण हा काल रात्रीच मिळाला. एवढा लावून देतो आणि जातो."

रेनकोटातून मोठा थोरला मॉनिटर निघाला. दुकानात अशा मॉनिटरांना तोटा नव्हता, पण काकांच्या जुन्या कॉम्प्युटरला बसेल अशा जोडणीचा एकही नव्हता. त्यासाठी तो कामानंतर रोज जुन्या सामानाची दुकानं पालथी घालत होता.

"काका, तुमचा जुना पडदा खराब झालाय," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "सगळा दोष त्याचाच. यंत्रं म्हातारी झाली की असा त्रास देतात."

त्याला अजून माहीत नव्हतं, की तिला सगळं कळलंय. अजूनही तो काकांची अब्रू राखत होता, आणि स्वतः कुडकुडत होता. तिने टॉवेल आणला आणि त्याच्या हातात दिला. मॉनिटर सुरू झाला. अक्षरं मोठी, तरी शेवटचं पान अख्खंच्या अख्खं समोर. काकांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, शाळेत वाचतात तसं.

तो निघाला तेव्हा ती जिन्यापर्यंत गेली.

"मला सगळं कळलंय. काल मी नको नको ते बोलले," ती म्हणाली. "तुमचे आभार कसे मानू, तेच समजत नाही. माझ्या काकांना तुम्ही... मी तुम्हाला—"

"थांबा," तो घाईने म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मला तुम्ही आवडता. त्या कोळिष्टकापासूनच. पण आत्ता तुमचं मन भरून आलंय. उपकाराच्या भरात काही बोलाल, आणि मी ते खरं धरून बसेन. ते... मला झेपणार नाही."

आणि तिला तोंड उघडायची संधी न देता तो भराभर जिना उतरून गेला. रेनकोट तिथेच राहिला.

सगळी रिटर्नं वेळेत भरली गेली. काकांनी दादाला आपणहून फोन करून डोळ्यांचं सांगितलं. दादा आधी ओरडला, मग रडला आणि मग सुट्टी काढून आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं. ऑफिस बंद करायचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

सगळं इतकं चांगलं झालं, की तिला हसू यायला हवं होतं. पण एक मोठीच पंचाईत झाली होती. कॉम्प्युटर बिघडेनात! ती रोज आशेने बघायची, आणि दोन्ही यंत्रं गुणी बाळासारखी चालायची. रेनकोट परत द्यायच्या निमित्ताने दुकानात जावं, तर तो पुन्हा म्हणणार, आभार मानायला आलात.

"काय झकास चाललंय," काका काळ्या चष्म्याआडून म्हणायचे. "वैद्यबुवांचा हातगुणच तसा."

"हो ना," ती दात ओठ खात म्हणायची.

शेवटी एका सकाळी तिने फोन लावला. "कॉम्प्युटर बंद पडलाय. माझा. शेवटचं पान उघडलं की मिटतो."

तो इतक्या लवकर आला, की शर्टाचं एक बटण खालच्या काजात गेलं होतं. तिच्या खुर्चीत बसला, पडद्याकडे एकदाच पाहिलं आणि थबकला. अक्षरं पाटीवर गिरवतात तेवढी मोठी होती.

"हे कोणी केलं?"

"मी."

"तुम्हाला... दिसत नाहीये का?" त्याचा चेहरा एकदम काळजीने उतरला, आणि तो उतरलेला चेहरा पाहून तिच्या उरल्यासुरल्या शंकाही गेल्या.

"चांगलं दिसतंय. तुमचं बटण चुकलंय, तेही दिसतंय." तिने घट्ट धरून ठेवलेला रेनकोट त्याच्या मांडीवर ठेवला. "आभार मी त्या दिवशीच मानले होते. तो हिशेब मिटला. आज मी चांगला चालता कॉम्प्युटर माझ्या हाताने बिघडवलाय. सांगा मला, आभार मानायला कोणी असं करतं का?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग गालाची ती खळी हळूहळू उमटली, आणि या वेळी त्याने हसू दाबलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "आभारासाठी नाही करत कोणी असं."

"मग?"

"मग..." त्याने हात पुढे केला. तिने त्यात आपला हात दिला.

"काय वैद्यबुवा," आतून काकांचा आवाज आला, "झाला का नीट?"

"नाही काका," तो तिच्यावरची नजर न काढता म्हणाला. "उद्याही यावं लागेल."

"या की," काका म्हणाले. "चहात साखर घालायची आठवण मी तिला करेन."

पडद्यावरची अक्षरं तशीच मोठीच्या मोठी राहिली. ती लहान करायची कोणालाच घाई नव्हती.