पोचपावतीवरची सही

“अक्का, किल्ली दे की! उद्या पालमच्या शाळेत मास्तर म्हणून हजर व्हायचंय, त्याच्या आधी माझा शाळा सोडल्याचा दाखला नको का?”

भुजंगने हात पुढे केला आणि पंचफुलाने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. पत्र्याच्या पेटीची ती किल्ली तिच्या पदराच्या टोकाला बांधलेली असे, आणि गेल्या तीन वर्षांत तिने ती कुणाच्याही हाती दिली नव्हती... तापाने फणफणली होती तेव्हासुद्धा नाही! “थांब, मीच काढून देते,” म्हणत ती घाईघाईने पेटीपुढे बसली आणि त्या घाईनेच घात केला. दाखल्याच्या घडीत अडकलेलं एक लांबट खाकी पाकीट निसटलं आणि थेट खाटेखाली, तात्यारावांच्या कुबडीशी जाऊन पडलं.

तात्याराव म्हणजे या दोघा भावंडांचे वडील, आबा. सत्तावीस वर्षं त्यांनी पूर्णा जंक्शनवर रुळांची निगा राखली होती. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण रेल्वेचा शिक्का त्यांनी झोपेतही ओळखला असता. चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात मागे येणाऱ्या डब्याखाली त्यांचा डावा पाय गुडघ्यापासून गेला, तेव्हा मोठे साहेब स्वतः दवाखान्यात येऊन म्हणाले होते, “तुमच्या मुलाला आम्ही रुळांच्या कामावर खलाशी म्हणून घेऊ.” त्या एका वाक्याच्या आधाराने हा माणूस अंथरुणातून उठला... आणि मग त्या पत्राची वाट बघत बसला. पत्र काही आलं नाही. हापिसातले दत्तराव कारकून शेवटी सांगून गेले, “जागा भरल्या, तात्याराव.” तेव्हापासून रोज सकाळच्या चहाबरोबर आबा त्या साहेबाचा उद्धार करीत, आणि पंचफुला खाली मान घालून भाकरी थापत राही.

आबांनी वाकून पाकीट उचललं. उलटंसुलटं केलं. “भुजंग, वाच.”

भुजंगने कागदावरून नजर फिरवली. त्याचा चेहरा क्षणभर पांढरा पडला आणि तो शांतपणे म्हणाला, “काई न्हाई आबा, अक्काच्या शाळेचं हाय.”

“शाळेचं? शिक्का रेल्वेचा आन् पत्र शाळेचं? मला येडा समजायलास का?”

भाऊ आपल्यासाठी खोटं बोलतोय, हे पंचफुलाला कळलं. ते तिला सोसवेना! तीन वर्षं उरात कोंडून ठेवलेला हुंदका एकदम फुटला.

“आबा, ती भुजंगची नोकरी हाय. तीन वर्सांखाली आली होती. मीच लपवली...”

भिंतीवरच्या तसबिरीतली बुद्धमूर्ती तेवढी शांत होती.

“माझ्या पायाची किंमत होती ती, पंचफुला!” आबांचा आवाज चिरकला. “पाय गेला तवा मी रडलो न्हाई. म्हणलं, जाऊ दे, पोराच्या जिंदगीची सोय झाली. आन् तू ती पेटीत कोंडलीस? कशापायी? त्या रंगाच्या डब्यांपायी? काय किंमत हाय गं त्याच्या त्या चित्रकलेच्या डिप्लोम्याची? चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय? इनाकारण शिव्या खाल्ल्या त्या साहेबानं, आन् दगा दिला माझ्या घरानं!”

“रंगांसाठी न्हाई, आबा!” ती ओरडली. जन्मात कधी बापापुढे चढ्या आवाजात न बोललेली ती पोर, बत्तीस वर्षांची प्राथमिक शिक्षिका, कुबडीला मिठी मारून ओरडली. “तुमच्या जखमेची पट्टी रोज मी बदलत होते... त्याच रुळांवर याला पाठवा, असं ते पत्र म्हणत होतं. तुमचा एक पाय तर गेलाच. मला याचे पाय द्यायचे नव्हते! तो तिकडं औरंगाबादला कागदावर रेघोट्या ओढत बसलाय, तर बसू दे, म्हणलं... निदान हातापायानं धड तरी राहील! चुकलं असंल माझं. लय चुकलं. पण मला दुसरं काई सुचलं न्हाई हो...”

भुजंगने चपला पायात सरकवल्या आणि तो बाहेर पडला.

गेला! पंचफुलाला वाटलं, आता हा तोंडसुद्धा बघणार नाही आपलं. आपल्या पगारातून त्याची फी भरली, त्याच्या शिक्षणापायी स्वतःला सांगून आलेली दोन स्थळं परत पाठवली. पण त्या कशाचीही आठवण तिला त्या घडीला झाली नाही. तिला एवढंच दिसत होतं, की ज्याला जीव लावला त्याची भाकर आपणच हिसकावली. आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. चुलीवरचं कालवण करपत होतं आणि ते उतरवायचं भान कुणालाच नव्हतं.

अर्ध्या तासाने अंगणात पावलं वाजली. भुजंगच्या मागोमाग दत्तराव आत आले. पूर्णेत त्यांची ख्याती अशी, की कुणाच्या घरी काय शिजलं ते यांच्या तोंडून स्टेशनभर व्हायचं. आज मात्र ते अंग चोरून उभे होते.

“जयभीम, तात्याराव. आदी मला माफी द्या. जागा भरल्या, असं म्या खोटं सांगितलं.”

आबा एकदम वळले. “तू बी?”

“मुदत उलटायला लागली तवा म्याच पोराला कार्ड टाकलं. त्यो आला, हापिसात हुबा ऱ्हायला आन् ‘मला नोकरी नको’ असं सहीनिशी लिहून दिऊन गेला. घरी सांगू नका, म्हणून मला हात जोडले.”

भुजंग पंचफुलासमोर गुडघे टेकून बसला.

“अक्का, पत्र रजिस्टरनं आलं होतं. पोचपावती हापिसात परत गेली, तिच्यावर तुझी सही होती. ह्या काकांनी मला दाखवली. तवाच समजलं, तू काय केलंस ते. तू माझी भाकर न्हाई चोरलीस गं... मला चित्रंच काढायची होती, मीच नको म्हणलं! आबाच्या पायाला मीच लाथ मारली. त्या दिवशी पूर्णेत येऊन घरी न येता तसाच माघारी गेलो, तुमच्यापुढं हुबं ऱ्हायची हिंमत न्हवती. तू तीन वर्सं एकटी जळायलीस, आन् मी भित्रा, गप बसलो. आजबी आदी खोटंच बोललो.”

तिने त्याचं डोकं छातीशी घेतलं आणि पोटभर रडली... पण हे रडणं निराळं होतं. उरावरचा धोंडा कुणीतरी हलक्या हाताने उतरवून ठेवला होता.

आबांनी घसा खाकरला.

“उद्याच्या जागेचा पगार किती रं?”

“जागा तात्पुरती हाय, आबा. ड्रॉइंग मास्तर. खलाशापेक्षा थोडा कमीच.”

“म्हंजी समदं करून तोट्यातच की!”

“व्हय आबा, तोट्यातच,” भुजंगने मान खाली घातली. आबांनी खाटेवरूनच हात लांबवला, मुलाच्या एका घोट्यावर ठेवला, मग दुसऱ्या. चाचपून पाहिलं.

“तोट्यात म्हणतोस, तर ह्ये दोन धरलेस का त्यात?”

दत्तराव धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागले.

“पंचफुला, आदी मला सांगायचं होतंस,” आबा म्हणाले.

“तुमी ऐकलं असतंत?”

आबांनी विचार केला. “न्हाई. म्या त्याला हाताला धरून हापिसात नेला असता.” मग तिच्या डोक्यावर हात ठेवत, “तवा बरं केलंस, पोरी.”

हे शब्द ऐकण्यासाठी ती तीन वर्षं तळमळली होती! डोळे पुसत ती उठली, करपलेलं कालवण उतरवलं आणि दत्तरावांना जेवूनच जायला बजावलं. भुजंगचा दाखला तिने त्याच्या हातात दिला, ते खाकी पाकीट आबांच्या उशाशी ठेवलं. मग पदराची गाठ सोडून तिने किल्ली कुलुपाला लावली आणि तशीच तिथे राहू दिली.