बेचाळिसावी ओळ

विद्यार्थी पाठीमागे त्यांना नोंदबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. जपानी वसाहतीतल्या एका पोलीस ठाण्याच्या नोंदवहीवर त्यांनी अख्खी नोकरी काढली होती. वहीत सक्तीचं जपानी नाव घ्यायला नकार देणाऱ्यांची यादी होती. नवं नाव नाही म्हणून सहीऐवजी मारायचा नावाचा शिक्का नाही, म्हणून त्यांनी अंगठे उठवलेले. एक्केचाळीस जण. शेवटच्या रकान्यात सगळ्यांपुढे एकच शेरा : ‘दुसऱ्या दिवसापासून आढळला नाही.’

मूळ वही कधीच जळाली. उरली ती बाईंची झेरॉक्स, पेन्सिलीनं पान क्रमांक घातलेली. रबर बाई बाळगत नसत. चुकलेलं खोडायचं नाही, काट मारायची. चूकही दिसली पाहिजे, असा खाक्या.

सोमवारी विभागप्रमुखांनी बोलावलं.

“बाई, त्या वहीवरच्या तुमच्या नव्या पुस्तकातलं शेवटचं प्रकरण मागे घ्या. जपान्यांना हव्या तेवढ्या शिव्या घाला हो, आम्हाला कशाला ओढता त्यात?”

“तेच रकाने आपल्या विद्यापीठाच्या फॉर्मातही आहेत, म्हणून.”

“गुरुवारी तीनपर्यंत सही हवी. नाहीतर शुक्रवारपासून तुमची नेमणूक संपली. आणि पुस्तकाचे परीक्षक म्हणतात, तुमची मोजणीही चुकलीय. यादीत बेचाळीस आहेत.”

बाई हसत खोलीत आल्या आणि मोजायला बसल्या. बेचाळीस. चष्मा पुसून पुन्हा मोजलं. मग ऑफिसातल्या टंकलेखिकेला हाक मारली.

“ताई, जरा मोजा हो.”

“मला कुठे जपानी येतं?”

“आकडे तर येतात?”

ताईंनी बोट फिरवलं. “बेचाळीस. शेवटच्याचा अंगठा राहिलाय बघा.”

नाव कोरं. व्यवसाय : शिक्षक. वय : अठ्ठावन्न.

मंगळवारी त्याच ओळीत ‘स्त्री’ आलं. बुधवारी पत्ता : खोली अकरा. बाईंनी दारावरचा आकडा पाहिला, उगाचच. दप्तर निष्पाप नसतं, सत्ता त्यात श्वास घेते, असं त्या तीस वर्षं शिकवत होत्या. इतकं शब्दशः त्यांना म्हणायचं नव्हतं.

गुरुवारी पावणेतीनला प्रमुखांनी माघारीचं पत्र पुढं सरकवलं.

“इथं सही.”

“अंगठा चालेल?”

“थट्टा पुरे, बाई.”

बाईंनी पत्रावर आडवं लिहिलं, ‘नाकारलं’. मग प्रमुखांच्याच निळ्या स्टँपपॅडवर अंगठा टेकवला आणि खाली ठसठशीत उठवला.

खोलीत परतल्या तेव्हा बेचाळिसावा अंगठा उमटलेला होता.

झेरॉक्स काळी होती. अंगठा निळा होता. त्यावर तिरका छेद. पेपर कटरनं बाईंच्या अंगठ्यावर कधीकाळी सोडलेल्या व्रणासारखाच.

शेवटचा रकाना तेवढा मोकळा.

ताई दारात आल्या. “बाई, प्रमुख उद्यासाठी तुमच्या खोलीची किल्ली मागताहेत.”

“देऊ नका. मी उद्या नऊला इथंच आहे.”

“मग नाहीच देत,” ताई म्हणाल्या आणि पदराआड किल्ली खोचून गेल्या.

बाईंनी पेन्सिलीला टोक केलं. समासात पूर्वी स्वतःच लिहिलेल्या एक्केचाळीसवर काट मारून बेचाळीस लिहिलं. आणि कुणी दुसरा शेरा मारायच्या आत शेवटच्या रकान्यात लिहिलं : ‘हजर.’

पाणी प्यायला मान वळवली, तेवढीच.

रकाना पुन्हा मोकळा होता. कागदावर रबराचा चुरा पडला होता, अजून कोमट.

बाईंनी फुंकर मारून तो उडवला आणि पेन उघडलं.